बावीस पेनल्टी, बावीस गोल आणि एक नाणं: ढाक्याची ती फायनल नीट समजून घेऊया

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन घरी विसरून आलेत, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना आलेले "म्हणजे", "अॅक्च्युअली" थोडे छाटलेत. सगळे नाही.

आजचा विषय फुटबॉल. त्यातही मुलींचं, १९ वर्षांखालचं, आणि दक्षिण आशियातलं. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की बातमी पेपरच्या शेवटच्या पानावर तळाला जाते. पण ८ फेब्रुवारी २०२४ ला ढाक्यात जे झालं, त्याची क्लिप तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर आली असेल. भारत विरुद्ध बांगलादेश, फायनल, पेनल्टी ११-११, मग नाणेफेक, भारत जिंकला, नाही जिंकला, आणि शेवटी दोघंही जिंकले. क्लिप तीस सेकंदांची होती आणि खालच्या कमेंट्स तीन हजार टाइपच्या. दोन्ही बाजूंनी "चीटर चीटर". मला त्या भांडणात फारसा रस नाही. मला रस आहे तो एका साध्या प्रश्नात: नियमपुस्तकात नक्की काय लिहिलंय? त्यात उत्तर आहे, स्पष्ट आहे, आणि त्या संध्याकाळी मैदानावर ते ज्याला माहीत असायला हवं होतं त्याने ते वापरलं नाही.

आधी स्पर्धा कुठली ते सांगतो. सॅफ म्हणजे साउथ एशियन फुटबॉल फेडरेशन. सात देश: भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान. सॅफची मोठ्यांची स्पर्धा आहे तशी मुलींची वयोगटाची स्पर्धाही आहे, आणि तिचा वयोगट कधी एका जागी थांबत नाही. कधी १८ खालची, कधी १९, कधी २०. लहानांच्यातही तसंच, कधी १५, कधी १६, कधी १७. आशियाई पातळीवर ज्या वर्षी जी पात्रता फेरी येणार असेल तिची तयारी इथे व्हावी, हा त्यामागचा हिशोब. त्यामुळे विकिपीडियावर विजेत्यांची यादी बघायला गेलात तर डोकं फिरतं, कारण एकाच वर्षात एकच देश दोन वेगवेगळ्या नावांच्या स्पर्धा खेळलेला दिसतो.

पण एक गोष्ट त्या यादीत लगेच दिसते. भारत आणि बांगलादेश पुन्हा पुन्हा समोरासमोर. २०१७ ला १५ वर्षांखालची फायनल ढाक्यात, बांगलादेश १-० ने जिंकला. २०१८ ला तीच फायनल भूतानमध्ये, भारत १-० ने जिंकला. २०१९ ला पुन्हा भूतान, पुन्हा हेच दोघे, गोलच नाही, भारत पेनल्टीवर जिंकला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये १९ खालची फायनल ढाक्यात, बांगलादेश १-०. मग २०२२ च्या मार्चमध्ये जमशेदपूर. तिथे फायनल नव्हतीच, भारत, बांगलादेश आणि नेपाळ एकमेकांशी दोनदा खेळले. शेवटच्या सामन्यात बांगलादेशने भारताला १-० ने हरवलं, दोघांचे गुण सारखे झाले आणि गोल फरकावर कप भारताकडे राहिला. म्हणजे बघा, हरलेला सामना खेळून कप उचलायचा. आपल्याकडे क्रिकेटमध्ये नेट रनरेटवरून जशी डोकेफोड होते ना, तशीच.

अधूनमधून नेपाळने धक्का दिलाय. आणि २०२३ मध्ये १७ खालच्या स्पर्धेत पाहुणा संघ म्हणून रशिया आला आणि दक्षिण आशियाचा कप जिंकून घेऊन गेला. हो, रशिया. त्यावर एक वेगळा एपिसोड होईल, आज नको.

तर या पार्श्वभूमीवर २०२४ ची १९ वर्षांखालची स्पर्धा. चार संघ: यजमान बांगलादेश, भारत, नेपाळ, भूतान. सगळे सामने ढाक्यात, कमलापूरच्या स्टेडियमवर. रेल्वे स्टेशनच्या शेजारचं, कृत्रिम गवताचं मैदान. साखळीत सगळ्यांनी सगळ्यांशी एकदा खेळायचं आणि पहिल्या दोघांची फायनल. भारताने पहिल्या सामन्यात भूतानला १०-० ने धुतलं. दुसऱ्या सामन्यात बांगलादेशकडून ०-१ हरला, गोल अगदी शेवटच्या क्षणांत. तिसऱ्यात नेपाळला ४-०. आणि एक दिवस सोडून फायनल. सात दिवसांत चौथा सामना. सतरा-अठरा वर्षांच्या मुली, एक दिवसाआड नव्वद मिनिटं. हे डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं या थकलेल्या पायांवर घडलंय.

फायनलमध्ये आठव्या मिनिटाला भारताच्या सिबानी देवीने गोल केला. भारत १-०. त्यानंतर पुढची बावीस-पंचवीस मिनिटं नाही, तर जवळजवळ सगळा सामना स्कोअर तोच राहिला. नव्वद मिनिटं संपली, वाया गेलेल्या वेळेची भरपाई सुरू झाली, आणि त्यातल्या तिसऱ्या मिनिटाला बांगलादेशच्या सागोरिकाने बरोबरी साधली. साखळीत भारताविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल करणारीही हीच. ही मुलगी ठाकूरगावची, बांगलादेशच्या अगदी वायव्य टोकाची. वडील चहाची टपरी चालवतात. जे स्टेडियम काही क्षण आधी घरी जायच्या तयारीत होतं, त्याचं काय झालं असेल याची कल्पना करा.

१-१. जादा वेळ नाही, थेट पेनल्टी.

आता इथे जरा थांबून पेनल्टी शूटआउट म्हणजे काय ते नीट बघू. "पाच-पाच मारायच्या" एवढं सगळ्यांना माहीत असतं, आणि गोंधळ बरोबर तिथूनच सुरू होतो.

फुटबॉलचे नियम ठरवणारी एक संस्था आहे, आयएफएबी. फिफासुद्धा तिच्यात फक्त एक सदस्य आहे. तिच्या नियमपुस्तकात एकूण १७ नियम आहेत, आणि सामन्याचा निकाल कसा ठरतो हे दहाव्या नियमात आहे. पान-दोन पानांचा मजकूर. वाचायला पंधरा मिनिटं लागतात, मोबाईलवरसुद्धा. त्यात म्हटलंय की बरोबरीनंतर विजेता ठरवायचाच असेल तर परवानगी असलेले मार्ग तीनच: बाहेरच्या मैदानावरचे गोल मोजणं, जादा वेळ, आणि पेनल्टी. किंवा यांचं मिश्रण. यादी इथे संपते. चौथा मार्ग नाही. "इतर" असा पर्याय नाही.

मग शूटआउटची पद्धत. सुरुवातीला रेफरी नाणं उडवतो, कुठल्या गोलपोस्टवर मारायच्या हे ठरवायला. मग पुन्हा एकदा, आधी कोण मारणार हे ठरवायला. पाच-पाच झाल्या आणि बरोबरी असेल तर एक-एक मारत राहायचं, जोपर्यंत सारख्या संख्येच्या किक झाल्यावर एक संघ एका गोलने पुढे जात नाही. प्रत्येक किक वेगळ्या खेळाडूने मारायची. मैदानावरच्या सगळ्यांची, गोलकीपरसकट, एक-एक मारून झाल्याशिवाय कुणालाही दुसरी मारता येत नाही. आणि सगळ्यांची मारून झाली तर?

पुन्हा पहिल्यापासून. तोच नियम दुसऱ्या फेरीलाही लागू, फक्त संघाला हवं असेल तर मारणाऱ्यांचा क्रम बदलता येतो. एवढंच. नियमात ही ओळ आहे. कोड लिहिणाऱ्यांसाठी सांगायचं तर हा व्हाइल लूप आहे, बाहेर पडायची अट एकच, "कुणीतरी पुढे आहे". किती वेळा फिरायचं यावर मर्यादा नाही. खेळाडूंची यादी संपली की इंडेक्स शून्यावर जातो. ज्याने हा नियम लिहिला त्याने एज केसचा विचार केलेला होता. आमच्या ऑफिसात असे लोक मिळाले असते तर रविवार मोकळे गेले असते.

ढाक्यात काय झालं? बांगलादेशच्या ११ जणींनी ११ गोल केले, भारताच्या ११ जणींनी ११. दोन्ही गोलकीपर धरून. एकही चेंडू बाहेर नाही, पोस्टला नाही, अडवला नाही.

हे किती दुर्मिळ आहे? जरा आकडेमोड करू. समजा, साधारण चारातल्या तीन पेनल्टी गोल होतात. हे माझं धरलेलं गृहीतक आहे, हिशोबापुरतं. तर बावीसच्या बावीस गोल होण्याची शक्यता म्हणजे ०.७५ ला स्वतःशी बावीस वेळा गुणायचं. फोनचा कॅल्क्युलेटर काढा. उत्तर येतं साधारण ०.००१८, म्हणजे ५६० शूटआउटमध्ये एकदा. आता तुम्ही म्हणाल की या मुली जास्त चांगल्या मारत होत्या, ७५ टक्के कमी आहे. ठीक, ९० टक्के धरू. तरीही दहातून एकदाच. २०२१ ची युरोपा लीग फायनल आठवते का? विलारेआल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. तिथे पहिल्या २१ किक सगळ्या गोल झाल्या, आणि बावीसावी, युनायटेडचा गोलकीपर डी हेयाची, अडवली गेली. ११-१०. जगातले महागडे खेळाडू बावीसाव्या किकला अडकले, आणि या मुली अडकल्या नाहीत. त्या संध्याकाळची खरी बातमी ही असायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं.

पण पुढच्या काही मिनिटांनी ती बातमी गिळून टाकली.

बारावी किक घेण्याची तयारी सुरू असताना सामना आयुक्तांच्या सूचनेवरून रेफरीने नाणेफेक घेतली. सामना आयुक्त, म्हणजे मॅच कमिशनर. हे पद काय असतं? हा माणूस रेफरी नसतो. आयोजकांचा प्रतिनिधी असतो. मैदान, सुरक्षा, वेळापत्रक, स्पर्धेचे नियम पाळले जातात की नाही हे बघायचं आणि अहवाल लिहायचा. चेंडू कुठे गेला, फाउल होता का, यात त्याने पडायचं नसतं. पण स्पर्धेचा कारभार त्याच्या हातात असल्यामुळे रेफरीच्या कानात त्याचा शब्द जड पडतो. तरुण स्पर्धेत, दडपणात, तर अजूनच.

नाणं उडालं, भारताच्या बाजूने पडलं. भारतीय मुली नाचायला लागल्या. का नाचणार नाहीत? मैदानावर अधिकृत माणसाने अधिकृत नाणं उडवून सांगितलं की तुम्ही जिंकलात. बांगलादेशच्या मुलींनी आणि त्यांच्या स्टाफने विरोध केला, मैदान सोडायला नकार दिला. प्रेक्षकांतून बाटल्या यायला लागल्या. मग अधिकाऱ्यांची चर्चा, नियम बघणं, आणि निर्णय फिरला: नाणेफेक रद्द, शूटआउट पुढे चालू ठेवा. आता भारतीय संघ अडून बसला. त्यांचं म्हणणं, आम्ही जिंकलोय, तुम्हीच जाहीर केलंत, आता परत कशाला? त्यांनी मैदान सोडलं. बांगलादेशच्या मुली मैदानावर थांबून राहिल्या. बराच वेळ गेला. शेवटी जाहीर झालं: दोन्ही संघ संयुक्त विजेते.

आता कोण बरोबर? मी दोन्ही बाजूंच्या कमेंट वाचल्या आणि दोघांचंही अर्धं-अर्धं पटलं.

नियमाच्या बाजूने बघितलं तर बांगलादेशचा विरोध पूर्ण योग्य होता. दहाव्या नियमात नाण्याने विजेता ठरवायची सोयच नाही. चूक लवकर लक्षात आली आणि सुधारली, हेही तत्त्वतः योग्यच. आपला देश जिंकला म्हणून चुकीची नाणेफेक बरोबर ठरत नाही. हे म्हणायला आपल्याला जड जातं, पण तसंच आहे.

आणि तरी भारतीय मुलींना "रडूबाई" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तुम्ही एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीला सांगता की तू दक्षिण आशियाची विजेती आहेस, ती मैत्रिणींच्या गळ्यात पडते, आणि मग तुम्ही सांगता की थांब, आमची चूक झाली, जा पुन्हा बारा पावलांवर उभी राहा, समोर बाटल्या फेकणारं स्टेडियम आहे. मैदानावर परत जायचं की नाही हे त्या मुलींनी एकटीने ठरवलं नसणार, सोबत मोठी माणसं होतीच. त्या मोठ्या माणसांनी त्यांना परत न्यायला हवं होतं, असं माझं मत. नियमात हेही आहे की एखादा खेळाडू मैदान सोडून गेला म्हणून शूटआउट थांबवायचं नसतं. वेळेत आला नाही तर त्याची किक गेली. म्हणजे पुस्तक कडक लावलं असतं तर कप बांगलादेशकडे गेला असता. आयोजकांनी ते लावलं नाही, कारण मूळ घोळ त्यांचाच होता. संयुक्त विजेतेपद हा नियमातला निर्णय नव्हता, ती तडजोड होती. त्या रात्री तेवढंच शक्य होतं बहुतेक.

एक प्रश्न हमखास येतो: पण नाणेफेकीत एवढं वाईट काय? गल्लीत आपण "ओली की सुकी" करून बॅटिंग घेतोच की! बरोबर, पण ओली-सुकी करून आपण मॅच जिंकत नाही. आणि गंमत म्हणजे एकेकाळी फुटबॉलमध्ये अगदी तसंच चालायचं.

१९६८ ची युरोपियन चॅम्पियनशिप. सेमीफायनल, नेपल्स, इटली विरुद्ध सोव्हिएत युनियन. जादा वेळ धरून ०-०. पेनल्टी शूटआउट तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. रेफरीने दोन्ही कर्णधारांना आत नेलं आणि नाणं उडवलं. इटलीचा कर्णधार फाकेट्टी जिंकला. हजारो लोक बाहेर स्टँडमध्ये बसून होते, आपण फायनलला गेलो की नाही हे कळायची वाट बघत. इटली पुढे फायनल जिंकून युरोपचा विजेता झाला. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये इस्रायल आणि बल्गेरिया १-१ अडकले आणि चिठ्ठी टाकून बल्गेरिया पुढे गेला. इस्रायलच्या योसेफ दगान नावाच्या माणसाला हे इतकं झोंबलं की त्याने पर्याय सुचवला: खेळाडूंनीच ठरवू दे, पेनल्टी मारून. त्यांच्या फेडरेशनने ते फिफाकडे नेलं, आणि १९७० मध्ये आयएफएबीने मान्यता दिली. जर्मनीतले एक रेफरी कार्ल वाल्ड यांनाही याचं श्रेय दिलं जातं. त्या वादात आपण पडायला नको. त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या एका छोट्या स्पर्धेत, वॉटनी कपमध्ये, हल सिटी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड शूटआउट झालं. पहिली किक जॉर्ज बेस्टने मारली, गोल. डेनिस लॉ हा शूटआउटमध्ये चुकणारा पहिला माणूस. एवढा मोठा खेळाडू, आणि क्विझमध्ये या कारणासाठी आठवला जातो.

तर ढाक्यात नाणं बाहेर निघालं तेव्हा खेळ ५४ वर्षं मागे गेला. शूटआउटचा शोधच मुळी ज्या गोष्टीला हाकलण्यासाठी लागला होता, तीच गोष्ट शूटआउटच्या पोटातून बाहेर आली.

अर्थात चिठ्ठी पूर्ण हद्दपार झालेली नाही. साखळी फेरीत दोन संघांचं सगळं सारखं असेल, गुण, गोल फरक, केलेले गोल, तर शेवटचा उपाय म्हणून चिठ्ठी अनेक स्पर्धांच्या नियमांत असते. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्स यांच्यात दुसरं कोण आणि तिसरं कोण हे चिठ्ठीनेच ठरलं होतं. पण ते गुणतक्त्यातल्या जागेसाठी. समोरासमोरच्या बाद सामन्यासाठी नाही. दोन वेगळ्या कप्प्यांतले नियम आहेत हे.

आणि सगळ्यात वैतागवाणी गोष्ट सांगू? नाणं उडवून वाचणार किती वेळ होता? पुन्हा कॅल्क्युलेटर. सडन डेथच्या एका फेरीत निकाल लागतो तो एकीने गोल केला आणि दुसरीचा चुकला तरच. चारातल्या तीन गोल धरल्या तर एका फेरीत निकाल लागण्याची शक्यता ३७.५ टक्के. म्हणजे सरासरी पावणेतीन फेऱ्या. एका फेरीला दोन मिनिटं धरा. पाच-सहा मिनिटांचा मामला. मुली अगदी दहातल्या नऊ मारत होत्या असं धरलं तरी सरासरी साडेपाच फेऱ्या, दहा-बारा मिनिटं. त्याऐवजी जे वाट बघणं झालं ते त्याच्या कितीतरी पट.

लांब शूटआउट म्हणजे जगबुडी नसते. २००५ मध्ये नामिबियाच्या कप फायनलमध्ये ४८ किक झाल्या, १७-१६ ने निकाल लागला. २०२४ च्या मे महिन्यात, म्हणजे ढाक्यानंतर तीनच महिन्यांनी, इस्रायलमधल्या खालच्या स्तरावरच्या एका सामन्यात ५६ किक झाल्या. कुणी नाणं काढलं नाही. मारत राहिले, एकजण चुकला, घरी गेले.

इथे एक आपल्या घरची गोष्ट आठवल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०२२. महिलांचा आशियाई कप, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात. भारत यजमान. डी. वाय. पाटील स्टेडियमवर चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता आणि आपल्या संघात कोविडचा शिरकाव झाला. सामन्यासाठी किमान १३ खेळाडू लागतात असा स्पर्धेचा नियम; तेवढ्या उभ्या राहू शकल्या नाहीत. नियमाप्रमाणे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं, आणि त्यांचे निकालही बाद. स्वतःच्या देशात, स्वतःच्या मैदानावर, एका सामन्यानंतर बाहेर. तिथे कुणी म्हणालं नाही की चला, तडजोड करू. पुस्तकात होतं तसं झालं. ढाक्यात पुस्तकात होतं ते कुणी उघडूनच बघितलं नाही. दोन्ही वेळा मैदानावर उभ्या होत्या त्या मुली, आणि कागद दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता.

हा कागद मुलींच्या स्पर्धेतच का हरवतो, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. पुरुषांच्या मोठ्या फायनलमध्ये अशी नाणेफेक झाली असती का? मला नाही वाटत. तिथे चौथा पंच असतो, टीव्हीवर माजी रेफरी बसलेला असतो, प्रत्येक संघाकडे नियम पाठ असलेला माणूस असतो. लहान मुलींच्या प्रादेशिक स्पर्धेला "शिकण्याची जागा" म्हणतात. पण शिकणाऱ्या खेळाडू असतात ना? त्यांनी तर बावीस किकमध्ये एकही चूक केली नाही.

बरं, पुढे काय झालं तेही ऐका. एका महिन्यानंतर, १० मार्च २०२४, नेपाळमध्ये सॅफची १६ वर्षांखालची फायनल. पुन्हा भारत आणि बांगलादेश. पुन्हा १-१. पुन्हा पेनल्टी. तुम्ही पटकथा लिहिली असती तर निर्मात्याने फाडून टाकली असती. या वेळी बांगलादेशची गोलकीपर यारझान बेगमने किक अडवल्या, ३-२ ने निकाल लागला आणि सगळे हात मिळवून घरी गेले. नियम तोच, फक्त वापरला गेला.

सागोरिकाचं नाव लक्षात ठेवलंय ना? जुलै २०२५ मध्ये ढाक्यात २० वर्षांखालची सॅफ स्पर्धा झाली. भारत नव्हता त्यात. शेवटच्या सामन्यात नेपाळविरुद्ध बांगलादेश ४-० ने जिंकला आणि चारही गोल तिचे.

आणि मग ऑगस्ट २०२५. आशियाई २० वर्षांखालच्या कपची पात्रता फेरी. भारताच्या मुलींनी यांगूनमध्ये म्यानमारला त्यांच्याच घरात १-० ने हरवलं आणि वीस वर्षांनी पहिल्यांदा मुख्य स्पर्धेत जागा मिळवली. बांगलादेश लाओसमध्ये खेळत होता. दक्षिण कोरियाकडून ६-१ असा मार खाल्ला, पण गटात दुसरे येऊन, सर्वोत्तम दुसऱ्या संघांमध्ये बसून, इतिहासात पहिल्यांदा तेही पात्र ठरले. दोन्ही निकाल एकाच दिवशी आले, १० ऑगस्टला. त्याआधी जुलैमध्ये दोन्ही देशांच्या मोठ्या संघांनीही २०२६ च्या आशियाई कपचं तिकीट काढलं होतं, भारताने थायलंडला आणि बांगलादेशने म्यानमारला, दोघांनीही २-१ ने हरवून.

ढाक्याची ती क्लिप कुणी परत फॉरवर्ड केली तर दहावा नियम चिकटवा खाली. आणि पुढच्या आठवड्यात, बऱ्याच जणांनी मागितलेला विषय: ऑफसाइड. हो, शेवटी घेतोच. भेटू.